दूरच्या यंत्राला वाहायचं फूल

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक वृद्धा राहत असे. अशा कथांमध्ये बहुधा शुभ्र दाढीचे गुरुदेव असतात, वटवृक्षाखाली बसून डोळे मिटलेले. ह्या कथेत दाढी नाही. शहाणपण हनुवटीवर उगवतं, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

त्या वृद्धेला सारं नगर अक्का म्हणे. तरुणपणी वैधव्य आलं, तेव्हा घरात नवऱ्याचा एक बंद पडलेला रेडिओ होता. तो तिने उघडून पाहिला. पुढे दूरदर्शन संच उघडला, मग संगणक. शिकवायला कुणी आलं नाही, आणि तिनेही कुणाची वाट पाहिली नाही. पुढे मात्र तरुण मुलं तिच्याकडे ही विद्या शिकायला येऊ लागली. तिच्या पाठशाळेचा नियम एकच होता: जे यंत्र तुम्ही एकदाही आपल्या हाताने उघडलेलं नाही, त्यावर माझ्या ओसरीत बसून खेळायचं नाही.

ह्या पाठशाळेत एक शिष्य होता. त्याचा संगणक त्याने स्वतः जोडला होता. पेटी भंगारातून आणलेली, पंखा कुणाच्या तरी मोडक्या यंत्रातला, आणि चित्रं उमटवणारं कार्ड मामाने हौसेने घेऊन दिलेलं. त्या संगणकात घोड्यावरून मुलूख फिरण्याचा एक खेळ होता. खेळात डोंगर होते, नदी होती. शिष्याने त्या खेळाची अंतर्रचना उलगडून पाहिली, ती समजून घेतली, आणि त्या नदीवर आपल्या नगराचा जुना दगडी पूल बांधला.

तो पूल महापुरात वाहून गेला होता. त्याच्या जागी आता सिमेंटचा नवा पूल आहे. त्यावरून माणसं जातात, पण थांबत नाहीत. म्हणून शिष्याने बांधलेला पूल पाहायला म्हातारी माणसं अक्काच्या ओसरीत येऊन बसत. निवृत्त पोस्टमन येऊन म्हणाले, "कठडा एवढा उंच नव्हता रे. मी त्यावर बसून पाय हलवायचो." शिष्याने कठडा खाली घेतला. भाजीवाली मावशी आली आणि म्हणाली, "मधल्या कमानीखाली पाकोळ्यांची घरटी होती. ती कुठं घालवलीस?" शिष्याने घरटी केली. दगडाचा होता तेव्हा तो पूल एवढा कुणाशी बोलला नव्हता.

परंतु काळ कुणासाठी थांबत नाही, यंत्रासाठी तर मुळीच नाही. नवे खेळ आले. ते शिष्याच्या संगणकाला पेलेनात. खेळ सुरू केला की चित्र अडखळे, पंखा गरगरू लागे, पेटी तापे. पाठशाळेतली धाकटी शिष्या त्याला चिडवी, "दादा, आईनं ज्वारी दिलीय. तुझ्या कॉम्प्युटरवर दळून मिळेल का?"

"तुझ्याकडे तर कॉम्प्युटरच नाही," शिष्य म्हणे.

"म्हणून तर गिरणी शोधतेय!"

सगळे हसत. शिष्यही हसे, पण सगळे गेल्यावर त्या पेटीकडे पाहताना त्याला तिची थोडी लाज वाटू लागली होती. माणसाला आपल्या वस्तूची लाज वाटायला लागली, की तिला घेऊन जाणारा दारात येतोच.

तसा एक व्यापारी आला. हसतमुख, मृदुभाषी, आणि हे सांगायलाच हवं, लबाड नसलेला. त्याने आल्या आल्या अक्काला वाकून नमस्कार केला. "माझं आजोळ ह्याच गावचं," तो म्हणाला. "लहानपणी सुट्टीत यायचो." मग त्याने आपल्या पिशवीतून वहीएवढा एक पातळ पडदा काढला आणि शिष्यासमोर धरला. पडद्यावर ओल्या गवताचा डोंगर उभा राहिला. गवताचं पातं न् पातं वाऱ्याने वेगळं हलत होतं. घोड्याच्या नाकपुडीतून वाफ निघत होती. शिष्य पडद्याजवळ सरकला.

"हा खेळ ह्या पडद्यात नाही," व्यापारी म्हणाला. "दूर कुठेतरी मोठमोठी थंड दालनं आहेत. तिथे बलाढ्य यंत्रं रात्रंदिवस चालतात. खेळ तिथे चालतो, चित्र इथे येतं. तुम्ही इथे बटण दाबायचं, घोडा तिथे उडी मारतो. ह्याला क्लाउड म्हणतात. यंत्र जुनं होण्याची चिंता नाही, पंखा पुसायला नको, दुरुस्ती नको. अहो, यंत्र बाळगणं ही माणसाच्या मागची एक कटकट होती. ती आम्ही आमच्या डोक्यावर घेतली."

"आणि आमच्या यंत्राचं काय?" शिष्याने विचारलं.

"ते आम्हाला द्या. आम्ही त्याचे भाग सुटे करतो, धातू वेगळा काढतो. बदल्यात पुढची कित्येक वर्षं हवे ते खेळ खेळा. दसऱ्यापर्यंत ही सवलत आहे."

शिष्याने आपल्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझा एक पूल आहे. माझ्या खेळात. तो तिकडे नेता येईल?"

व्यापाऱ्याने खोटं सांगितलं नाही. "नाही नेता येणार. तिथे सगळ्यांना एकच खेळ मिळतो, मूळ होता तसा. त्याला आतून कुणी हात लावू शकत नाही. उलट तेच त्याचं वैशिष्ट्य आहे. कुणी बिघडवू शकत नाही."

तो पडदा त्याने वापरून पाहायला शिष्याकडे ठेवला. धाकट्या शिष्येने वडिलांच्या मोबाइलवर तीच सेवा घेतली आणि ती हरखून गेली. जन्मात ज्या खेळांची नुसती चित्रं पाहिली होती, ते खेळ ती आता चुलीजवळ बसून खेळत होती.

शिष्य चार दिवस ओसरीबाहेरच्या पायरीवर बसून त्या डोंगरावर घोडा पळवत राहिला. एके दुपारी अक्का त्याच्या मागे उभी राहून पाहू लागली. एका ओढ्यावरून उडी मारायची होती. शिष्याने बटण दाबलं. घोडा अगदी किंचित उशिरा उडाला आणि पाण्यात पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला.

"तुझ्या बोटात आणि डोळ्यात कुणी पाहुणा येऊन बसलाय," अक्का म्हणाली.

"सवय होते, अक्का. थोडं आधी दाबायचं."

"होईल की. माणसाला कशाचीही सवय होते." एवढं बोलून ती आत गेली.

शिष्याला वाटलं होतं, अक्का कडाडेल. नवऱ्याचा रेडिओ, स्वतःचे हात, तुम्ही आजकालची पोरं, असं सगळं निघेल. त्याने तर उत्तरंही तयार करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विषय काढला. "अक्का, मी यंत्र देऊन टाकावं म्हणतो."

अक्का एका मोडक्या मिक्सरवर वाकली होती. मान वर न करता ती म्हणाली, "दे की."

"तुम्हाला राग नाही आला?"

"यंत्र तुझं. राग मला कशाला? फक्त खंडेनवमी होऊन जाऊ दे. शेवटची पूजा तरी त्याला तुझ्या हातची मिळू दे. आणि त्या व्यापाऱ्यालाही त्या दिवशी बोलाव. गाडी घेऊनच ये म्हणावं."

शिष्याची तयार उत्तरं तशीच राहिली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. 'दे की' म्हणणाऱ्याशी काय करावं, हे त्याला कळेना.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. अक्काच्या पाठशाळेत हा दिवस दिवाळीहून मोठा. आदल्या दिवशीच मुलं आपापली यंत्रं घेऊन येत, ती उघडत, मऊ कुंचल्याने पंख्याची धूळ काढत, सैल तारा घट्ट बसवत. नवमीला सकाळी सगळी यंत्रं पाटांवर मांडली जात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली जात. आणि त्या दिवशी एकही यंत्र सुरू करायचं नाही. सुतार त्या दिवशी करवत चालवत नाही, शिंपी मशीन चालवत नाही, आपणही नाही.

शिष्याने आपली पेटी उघडून पुसली होती. पुसताना त्याला आतल्या कोपऱ्यात एक वाळलेलं पाकळीचं टोक सापडलं. मागच्या वर्षीचा झेंडू होता. त्याने ते टाकलं नाही, तिथेच राहू दिलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

धाकटी शिष्या वडिलांचा मोबाइल घेऊन आली. तिने तो पाटावर ठेवला आणि एवढं भरभरून हळदकुंकू वाहिलं, की अर्धं चार्जिंगच्या भोकात गेलं. "झालं," शिष्य म्हणाला. "आता बाबा तुझी पूजा करतील." तेवढ्यात मोबाइल वाजू लागला. कुंकू लावलेला तो मोबाइल पाटावर थरथरत पुढे सरकला. मुलं लोळून हसली. "अक्का, हिचं हत्यार उपास मोडतंय!"

अक्काही हसली. इतक्यात दाराशी गाडी थांबली आणि व्यापारी आत आला. अक्काने त्याला पाट दिला, चहा दिला. मग ती शिष्याकडे वळली.

"तुझं हत्यार कुठलं रे?"

शिष्याने आपल्या पेटीकडे हात केला.

"हे तर तू देणार. ह्यापुढे तू ज्यावर खेळणार, ते कुठलं?"

शिष्याने तो पातळ पडदा पुढे ठेवला.

"ह्यात खेळ नाही, असं हेच सांगत होते. खेळ जिथे चालतो, ते यंत्र कुठे आहे?"

शिष्याने पडदा उलटून पाहिला; मागे नुसती गुळगुळीत पाठ होती. तेव्हा अक्काने ताटातला सगळ्यात मोठा झेंडू उचलला आणि तो व्यापाऱ्याच्या ओंजळीत ठेवला.

"बाबा, एक काम करा. ज्या यंत्रावर हा माझा मुलगा खेळतो, त्या यंत्राला हे फूल वाहा. कुंचलाही देते, धूळ असेल तर काढा. आणि एवढं सांगा, की आजचा दिवस ते बंद ठेवा. त्याला विसावा द्या."

 मुलांना वाटलं, अक्का थट्टा करते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. व्यापाऱ्याने फुलाकडे पाहिलं, कुंचल्याकडे पाहिलं. तो हसायला गेला, पण ते हसू ओठांवरच अडकलं.

"अक्का," तो म्हणाला, "ते यंत्र कुठे आहे, मलाही ठाऊक नाही. आज ह्यांना एक मिळतं, उद्या दुसरं. एकच एक असं नसतंच."

"मग तुमच्या दालनात जी आहेत त्यांतल्या कुठल्याही एकाला वाहा. चालेल."

"दालन आमचं नाही. ते एका मोठ्या कंपनीचं. आम्ही त्यांच्याकडून घेतो आणि पुढे देतो."

"बरं. मग त्यांना एक दिवस बंद ठेवायला सांगा."

"बंद?" व्यापारी म्हणाला. "ते कुणाच्या सांगण्यावरून बंद होत नाही. आणि ते ज्या दिवशी खरंच बंद करतील, त्या दिवशी मला विचारून करणार नाहीत."  मग जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाला, "खरं सांगायचं, तर मीही तिथे भाडेकरूच."

ते फूल त्याच्या ओंजळीत तसंच राहिलं. त्याला ते ठेवायला जागा सापडेना.

अक्का जमिनीवर बसली. गुडघे दुखत असल्यामुळे तिला बसायला वेळ लागला. 

"मुलांनो, यंत्राला फूल वाहून यंत्र चांगलं चालत नाही. एवढं मलाही कळतं. पण वर्षातून एकदा आपण त्याला उघडतो, त्याच्या आत काय आहे ते पाहतो, आणि त्याला म्हणतो, 'आज थांब.' ज्याला आपण 'आज थांब' म्हणू शकतो, ते आपलं. जिथे तसं म्हणता येत नाही, तिथे आपण पाहुणे. आता पाहुणा होणं काही वाईट नाही. ही धाकटी बघा."

"मी काय केलं?" धाकटी दचकून म्हणाली.

"तुझा तो मासे पकडायचा खेळ काय झाला?"

"गेला, अक्का. काल सकाळी बघते तर यादीतच नाही. मग मी शेताचा खेळ घेतला. तोही छान आहे."

"बघितलंत? एक ताट उचललं, दुसरं वाढलं, हिने आनंदाने जेवून घेतलं. हिला जेवायचंच होतं. जिच्या घरात यंत्र येणं शक्य नव्हतं, तिला ह्या गृहस्थांनी पंगतीला बसवलं. त्यांना मी नावं ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. ज्याला नुसतं जेवायचंय, त्याने स्वयंपाकघर बांधायचा अट्टहास कशाला करावा?" मग तिने शिष्याकडे पाहिलं. "पण पाहुण्याने परक्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा नसतो. तसबीर लावायची असेल, तर भिंत आपली लागते. मग ती ओबडधोबड का असेना. तुला जेवायचंय, की खिळा ठोकायचाय, एवढंच तू ठरव. मी सांगणार नाही."

शिष्य खाली मान घालून बसला. त्याच्या डोळ्यांपुढे तो ओला डोंगर होता, पात्यापात्याने हलणारं गवत होतं. आणि शेजारी पाटावर त्याची जुनाट पेटी होती, जिला नवं काहीच पेलत नव्हतं. हे सोडवत नव्हतं आणि तेही. अक्काचं बोलणं त्याला पटलं होतं. पण पटणं आणि ठरवणं ह्यांत नदीएवढं अंतर असतं.

व्यापारी उठला. "घाई नाही," तो म्हणाला. "मी उद्या गाडी घेऊन येतो. उद्या सांगा." दारापर्यंत गेला आणि वळला. "तो पूल... यंत्र नेण्याआधी एकदा पाहायला मिळेल का?"

"आज नाही," शिष्य म्हणाला. "आज ते थांबलंय."

हे शब्द तोंडून गेल्यावर त्याला आपलाच आवाज ऐकू आला. अक्का ताटातल्या अक्षता गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. व्यापारी आपट्याची पानं घेऊन आला; गाडी बाहेर उभी होती. शिष्याने यंत्र सुरू केलं. पंखा गरगरला, पडदा उजळला, आणि नदीवर जुना पूल उभा राहिला. गवत साधंच होतं, पाणी जरा थिजल्यासारखं. व्यापाऱ्याचं त्याकडे लक्षच नव्हतं. तो खुर्चीच्या कडेला बसून, बटणं हळूहळू दाबत, घोडा चालवत पुलावर आला. पोस्टमनांचा बुटका कठडा लागला. मावशीच्या पाकोळ्या कमानीखालून उडाल्या. पुलाच्या मध्यावर तो थांबला आणि बराच वेळ तिथेच घुटमळत राहिला.

"काय झालं?" शिष्याने विचारलं.

"इथे कठड्याला एक लोखंडी कडी होती," व्यापारी म्हणाला. त्याच्या आवाजातला विक्रेता कुठेतरी निघून गेला होता. "बैल बांधायची. पूर आला की आजोबा मला घेऊन इथे यायचे. म्हणायचे, कडी घट्ट धर, मग पाण्याकडे बघ. धरली की भीती वाटायची नाही. तिचा गंज हाताला लागायचा." तो ओशाळून हसला. "असो. एवढं कुणाच्या लक्षात राहणार?"

शिष्याने खेळ थांबवला. खेळाची अंतर्रचना उघडली आणि तो कामाला लागला. लोखंडाची कडी घडवली, तिला गंजाचा रंग दिला, दगडात बसवली. व्यापाऱ्याचा चहा निवून गेला. तो जागचा हलला नाही. बाहेर गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवला, त्याकडेही त्याने लक्ष दिलं नाही.

"ही बघा."

व्यापारी पुढे वाकला. "जरा डावीकडे. आणि खाली. मी लहान होतो ना."

शिष्याने कडी डावीकडे घेतली, खाली घेतली.

"हं," व्यापारी म्हणाला. "इथेच." त्याचा उजवा हात नकळत वर आला होता, लहान मुलाचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर, आणि मूठ मिटलेली होती.

शिष्य त्या मुठीकडे पाहत राहिला. काय ठरवायचं ते कधी ठरून गेलं, त्याला समजलंही नाही. व्यापाऱ्यानेही विचारलं नाही. उठताना त्याने एक आपट्याचं पान शिष्याच्या हातात दिलं, दुसरं अक्काच्या पायाशी ठेवलं. मग खिशातून कालचा झेंडू काढला. तो सुकला होता, पण त्याने टाकला नव्हता. ते फूल त्याने शिष्याच्या यंत्रावर वाहिलं आणि तो निघून गेला. गाडी आली तशी रिकामी परतली.

पुढे शिष्य अधूनमधून व्यापाऱ्याने त्याच्याकडेच राहू दिलेल्या पडद्यावर त्या ओल्या डोंगरावरही घोडा पळवून येई. अक्काने त्याला कधी अडवलं नाही. तो पाहुण्यासारखा जाई, आनंदाने जेवून येई, आणि घरी आला की आपल्या पुलाचं काम पुढे चालू करी.

खेळ हवा तिथून येऊ द्यावा. पण ज्या पुलाला आपल्याला एक कडी बसवायची आहे, तो आपल्या छपराखालीच उभा असावा.